यकृताच्या कर्करोगाची मध्यम अवस्था : उपचारांची निवड कशी करावी?

आपल्या विश्वस्त निधीच्या महोत्सवी स्मरणिकेसाठी काही लिहावे, असा निरोप चिटणिसांकडून आला, तेव्हा त्यांना आमच्याकडून शाळेविषयी किंवा भाषेविषयी लेख अपेक्षित असावा. परंतु निधीकडे येणाऱ्या वैद्यकीय साहाय्याच्या अर्जांची छाननी करण्याचे काम काही वर्षे आमच्याकडे आहे. त्या अर्जांत यकृताच्या कर्करोगाचे अर्ज असतात, आणि अर्ज घेऊन येणारा मुलगा, भाऊ किंवा जावई बहुधा एकच प्रश्न विचारतो : "मास्तर, यांतला सर्वांत चांगला उपचार कोणता?" हाच प्रश्न आम्हीही एकदा विचारला होता. तो अपुरा प्रश्न होता, हे उमगण्यास आम्हांस उशीर झाला. इतरांस तसा उशीर होऊ नये म्हणून हा लेख.

आम्ही शिक्षक आहोत, वैद्य नव्हे. येथे जे सांगितले आहे त्यावरून कोणी स्वतःचा उपचार ठरवू नये. डॉक्टरांपुढे बसल्यावर त्यांचे बोलणे समजावे आणि नेमके काय विचारावे हे सुचावे, एवढ्याचसाठी हे लेखन आहे.

एका अवयवात दोन आजार

आमचे थोरले मावसभाऊ घड्याळदुरुस्तीचे दुकान चालवीत. सारे घर त्यांना भाईजान म्हणे. २०१९ साली त्यांची भूक मंदावली व उजव्या बरगडीखाली जड वाटू लागले. सोनोग्राफी झाली, मग सी. टी. स्कॅन झाला, आणि यकृतात चार गाठी निघाल्या. सर्वांत मोठी सहा सेंटिमीटरांची होती. रक्तात हेपटायटिस बी चा विषाणू सापडला. तो कधी शिरला हे भाईजानांना ठाऊक नव्हते. या विषाणूची रीतच अशी, की तो वर्षानुवर्षे गुपचूप राहतो.

यकृताचा कर्करोग इतर बऱ्याच कर्करोगांहून एका बाबतीत निराळा आहे. तो बहुधा निरोगी यकृतात होत नाही. हेपटायटिस बी किंवा सी हे विषाणू, मद्य, किंवा मधुमेह व स्थूलपणा यांच्या सोबतीने साठणारी चरबी यांनी यकृत आधीच झिजलेले असते. इजा व्हावी, ती भरून यावी, पुन्हा इजा व्हावी, असे चालता चालता यकृत वणांनी भरून कठीण होते. यास सिरोसिस म्हणतात. गाठ उगवते ती बहुधा अशा जमिनीत. म्हणजे रोग्याला आजार दोन असतात : एक गाठीचा व दुसरा यकृताचा. गाठीवर घातलेला प्रत्येक घाव थोडाफार यकृतावरही पडतो. उपचारांची सारी तुलना या एका गोष्टीभोवती फिरते.

यकृतात किती बळ शिल्लक आहे हे मोजण्याची चाइल्ड-प्यू नावाची एक जुनी व सोपी पद्धत आहे. रक्तातील बिलिरुबिन, अल्ब्युमिन, रक्त गोठण्यास लागणारा वेळ, पोटात साठलेले पाणी आणि मेंदूवर येणारी गुंगी, अशा पाच बाबींना प्रत्येकी १ ते ३ गुण देतात. बेरीज ५ किंवा ६ आली तर वर्ग 'ए', ७ ते ९ आली तर 'बी', आणि १० ते १५ आली तर 'सी'. शाळेतील गुणांच्या हे अगदी उलट आहे. येथे ज्याला कमी गुण तो उत्तीर्ण. भाईजानांना ५ गुण होते, आणि डॉक्टरांनी ते समाधानाने सांगितले. आमचे लक्ष मात्र गाठीच्या सेंटिमीटरांकडे होते.

मध्यम अवस्था म्हणजे काय?

बार्सिलोना येथील डॉक्टरांनी १९९९ मध्ये या रोगाच्या अवस्था ठरविल्या. त्यांत वेळोवेळी दुरुस्त्या झाल्या, मोठी दुरुस्ती २०२२ मध्ये झाली. अगदी आरंभीची ती 'शून्य', लवकरची ती 'ए', मध्यम ती 'बी', पुढची ती 'सी' आणि अखेरची ती 'डी'.

गाठी तीनांहून अधिक आहेत, किंवा दोन-तीनच असून त्यांतील एखादी ३ सेंटिमीटरांहून मोठी आहे, पण रोग यकृताच्या रक्तवाहिन्यांत शिरलेला नाही, यकृताबाहेर गेलेला नाही, यकृताचे काम बरे चालले आहे आणि माणूस आपली रोजची कामे स्वतः करतो आहे, अशी स्थिती असेल तर ती मध्यम अवस्था. भाईजान निदानाच्या दुसऱ्या दिवशीही दुकान उघडून बसले होते.

या व्याख्येत पुष्कळ तऱ्हेचे रोगी येतात. कोणाच्या यकृतात चार सुट्या, गोल गाठी असतात, तर कोणाच्या दोन्ही भागांत रोग पसरलेला असून गाठीची कडच सापडत नाही. दोघेही 'मध्यम'च. म्हणून २०२२ च्या दुरुस्तीत या अवस्थेचे तीन भाग केले गेले. ज्यांच्या गाठी प्रत्यारोपणाच्या विस्तारित निकषांत बसू शकतात ते पहिल्या भागात. गाठी सुट्या व स्पष्ट असून त्यांच्या धमनीपर्यंत नळी नेता येते, असे लोक दुसऱ्या भागात. रोग पसरट व दोन्ही बाजूंस फार असलेले लोक तिसऱ्या भागात. पहिल्यांसाठी प्रत्यारोपणाचा विचार, दुसऱ्यांसाठी धमनीमार्गे उपचार आणि तिसऱ्यांसाठी आरंभापासूनच सर्व शरीरात जाणारी औषधे, असा साधारण मार्ग आहे. आपले माणूस यांपैकी कोणत्या भागात बसते, हा घरच्यांचा पहिला प्रश्न असावा.

धमनी अडविण्याचा उपचार : टेस

मध्यम अवस्थेत सर्वाधिक केला जाणारा उपचार 'टेस' या आद्याक्षरी नावाने ओळखला जातो. त्याचे मर्म यकृताच्या दुहेरी रक्तपुरवठ्यात आहे. यकृतास सुमारे तीन चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून मिळते व उरलेले एक चतुर्थांश धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र जवळजवळ सारे रक्त धमनीतून ओढते. तेव्हा गाठीकडे जाणारी धमनीची फांदी बंद केली, तर गाठ उपाशी मरते आणि यकृत शिरेच्या रक्तावर तग धरते. जपानी डॉक्टरांनी गेल्या शतकाच्या आठव्या दशकात हा उपाय रुळविला.

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून बारीक नळी यकृतापर्यंत नेतात. रोगी जागा असतो, फक्त ती जागा बधिर करतात. डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगाचे औषध लिपिओडॉल नावाच्या तेलात घोटून गाठीत सोडतात. हे तेल म्हणजे आयोडीन जोडलेले खसखशीचे तेल होय. ते क्ष-किरणांत दिसते व गाठीत रेंगाळते. मागाहून जिलेटिनचे कण सोडून वाट बंद करतात. दुसऱ्या प्रकारात औषधाने भिजलेले सूक्ष्म मणी सोडतात. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत या मण्यांनी औषधाचे दुष्परिणाम घटले, परंतु गाठ आटोक्यात येण्याच्या प्रमाणात निःसंशय असा फरक ठरला नाही. म्हणून 'मणीवाला' उपचार मिळाला नाही तर काही मोठे हुकले, असे कोणी मानू नये.

टेसने आयुष्य वाढते, हे २००२ मध्ये दोन चाचण्यांनी दाखविले. बार्सिलोना येथे टेस झालेल्यांपैकी दोन वर्षांनी ६३ टक्के जिवंत होते, तर केवळ लक्षणांवर उपचार झालेल्यांत २७ टक्के. हाँगकाँग येथे हेच आकडे ३१ व ११ टक्के होते. एकच उपचार असून दोन शहरांच्या आकड्यांत एवढे अंतर का? कारण रोगी निरनिराळे होते. रोगी नीट निवडला की टेसचा गुण दिसतो. आज योग्य निवड झालेल्या मध्यम अवस्थेच्या रोग्यांस अडीच वर्षांहून अधिक आयुष्याची अपेक्षा धरतात. हे आकडे समूहाचे आहेत. एखाद्या माणसाचे भविष्य ते सांगत नाहीत.

टेसनंतर ताप, पोटदुखी व मळमळ काही दिवस राहते. ती बहुधा आपोआप जाते. चार ते सहा आठवड्यांनी स्कॅन करून गाठीचा किती भाग मेला हे पाहतात व गरज असेल तरच पुन्हा टेस करतात. ठराविक महिन्यांनी टेस करीत राहण्याचे दिवस आता गेले. दोन वेळा करूनही गाठ दाद देत नसेल, किंवा यकृताचे गुण बिघडू लागले असतील, तर थांबावयाचे असते. कावीळ आहे, पोटात पाणी आहे, मुख्य पोर्टल शीर बंद झाली आहे, अशा रोग्यास टेस अपाय करते.

भाईजानांची पहिली टेस उत्तम झाली. चारांपैकी तीन गाठी मेल्या. दुसरी काही महिन्यांनी झाली, तीही बरी झाली. तेव्हा घरात मिठाई वाटली गेली.

किरणोत्सर्गी मणी : टेअर

दुसरा धमनीमार्ग 'टेअर'चा. यात यट्रियम-९० हे किरणोत्सर्गी द्रव्य असलेले काचेचे किंवा राळेचे सूक्ष्म मणी धमनीतून गाठीत सोडतात. त्यांचे किरण शरीरात सरासरी अडीच मिलिमीटरच जातात आणि सुमारे ६४ तासांत त्यांचा जोर निम्मा होतो. येथे गाठ उपाशी न मरता किरणांनी मरते. धमनी फारशी बंद होत नसल्याने दुखणे कमी होते, आणि पोर्टल शिरेची एखादी फांदी बंद असली तरी हा उपाय करता येतो. मात्र मणी फुप्फुसात किंवा जठरात जाणार नाहीत ना, हे पाहण्यासाठी आधी एकदा चाचणीची फेरी करावी लागते. ती टाळली किंवा चुकली तर इजा होऊ शकते.

अमेरिकेत २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहान चाचणीत टेअर झालेल्यांचा रोग २६ महिन्यांहून अधिक काळ पुढे सरकला नाही, तर टेसने सुमारे ७ महिने. तथापि आयुष्यात फरक दिसला नाही : एकीकडे १८.६ महिने, दुसरीकडे १७.७. बेल्जियममधील २०२२ च्या चाचणीत मात्र टेअरने आयुष्यही अधिक मिळाले. एकूण पाहता मोठ्या, पण एका बाजूस असलेल्या गाठींसाठी टेअरचे पारडे थोडे जड आहे, असे म्हणता येते. खर्च मात्र फार. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने असे काचमणी देशातच तयार केले आहेत. ज्यांना हा उपाय सुचविला गेला असेल त्यांनी देशी मण्यांविषयी अवश्य विचारावे.

कापणे, जाळणे व प्रत्यारोपण

शस्त्रक्रियेने गाठी काढून टाकाव्यात असे प्रत्येकास वाटते. मध्यम अवस्थेत ते क्वचितच साधते, कारण गाठी अनेक असतात व उरणारे यकृत पुरेसे नसते. तरीही हा दरवाजा अगदी बंद नाही. चीनमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, ज्यांचे यकृत चांगले होते व गाठी काढता येण्याजोग्या होत्या, अशांपैकी शस्त्रक्रिया झालेल्यांचे मध्यम आयुष्य ४१ महिने भरले, तर टेस झालेल्यांचे १४. म्हणून 'शल्यचिकित्सकांनी स्कॅन पाहिला आहे काय?' असे विचारणे उद्धटपणाचे नाही. सुईवाटे उष्णता देऊन गाठ जाळण्याचा उपाय ३ सेंटिमीटरांपर्यंत उत्तम चालतो. मध्यम अवस्थेत तो टेसच्या जोडीने लहान गाठींसाठी वापरतात. बाहेरून नेमक्या जागी किरण देण्याची पद्धतही काही निवडक रोग्यांस उपयोगी पडते.

गाठ आणि झिजलेले यकृत असे दोन्ही आजार एकदम काढून टाकणारा उपाय एकच : प्रत्यारोपण. इटलीतील मिलान येथे १९९६ मध्ये ठरलेला निकष असा, की गाठ एक असेल तर ५ सेंटिमीटरांपर्यंत, किंवा तीनपर्यंत असतील तर प्रत्येक ३ सेंटिमीटरांपर्यंत असावी. अशा रोग्यांपैकी ७५ टक्के चार वर्षांनी जिवंत होते. मध्यम अवस्थेतील रोगी या मापाबाहेरचे असतात. पण टेस, टेअर किंवा जाळण्याने गाठी मापात आणता येतात, आणि काही काळ वाट पाहून रोग स्थिर राहिला तर प्रत्यारोपण करता येते. इटलीत २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत अशा रीतीने प्रत्यारोपण झालेल्यांपैकी ७७.५ टक्के पाच वर्षे जगले, प्रत्यारोपण न झालेल्यांपैकी ३१.२ टक्के. या चाचणीत ४५ च रोगी होते हे खरे, परंतु टेस ही कधी कधी शेवटची पायरी नसून मधली पायरी असते, एवढे तीवरून शिकावे.

आपल्या देशात प्रत्यारोपणे बहुतांशी जिवंत नातेवाइकाने दिलेल्या यकृताच्या भागाने होतात. १९९४ चा कायदा त्यास जवळच्या नात्यात परवानगी देतो व अवयवाची खरेदी-विक्री हा गुन्हा ठरवितो. देणाऱ्याचे यकृत पुन्हा वाढते. पण त्याची शस्त्रक्रिया मोठी असते व तीत जोखीम असते. घरातील तरुणावर, विशेषतः सुनेवर किंवा मुलीवर, कोणी भीड घालून हे ओझे टाकू नये. ज्याला 'नाही' म्हणता येते त्याचेच 'हो' खरे.

सर्व शरीरात जाणारी औषधे

२००८ पूर्वी या रोगावर पोटातून घेण्याचे असे एकही औषध नव्हते, की ज्याने आयुष्य वाढल्याचे सिद्ध झाले होते. त्या वर्षी सोराफेनिबने पुढच्या अवस्थेतील रोग्यांचे मध्यम आयुष्य ७.९ वरून १०.७ महिन्यांवर नेले. आपल्याकडे त्याची किंमत महिन्यास सुमारे २,८०,००० रुपये होती. २०१२ च्या मार्चमध्ये भारत सरकारने देशातील पहिला सक्तीचा परवाना देऊन तेच औषध दुसऱ्या कंपनीस बनवू दिले व किंमत ८,८०० रुपयांच्या घरात आली. औषध अस्तित्वात असणे आणि ते माणसाच्या हाती पडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हे आपल्यासारख्या धर्मादाय संस्थांनी लक्षात ठेवण्याजोगे आहे.

२०१८ मध्ये लेनव्हॅटिनिब आले. २०२० मध्ये शरीराच्या प्रतिकारशक्तीचा लगाम सैल करणारे अटेझोलिझुमॅब व रक्तवाहिन्यांची वाढ रोखणारे बेव्हासिझुमॅब या जोडीने सोराफेनिबला मागे टाकले : १९.२ महिने विरुद्ध १३.४. २०२२ मध्ये डुर्व्हालुमॅब व ट्रेमेलिमुमॅब ही आणखी एक जोडी पुढे आली. हे आकडे मुख्यतः पुढच्या अवस्थेतील रोग्यांचे आहेत. मध्यम अवस्थेत ही औषधे रोग पसरट असल्यास आरंभीच, आणि टेसचा उपयोग संपल्यास त्यानंतर देतात. बेव्हासिझुमॅबपूर्वी दुर्बीण घालून अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरा तपासाव्या लागतात, अन्यथा रक्तस्रावाचे भय असते.

टेस व ही औषधे एकत्र दिली तर? २०२४ मध्ये जाहीर झालेल्या दोन मोठ्या चाचण्यांत अशा मिश्र उपचाराने रोग अधिक काळ रोखून धरला. एकीत १५ महिने विरुद्ध ८.२, दुसरीत १४.६ विरुद्ध १०. मात्र त्याने माणूस अधिक जगतो, हे सिद्ध झालेले नाही, आणि दुष्परिणाम व खर्च दोन्ही वाढतात. म्हणून घर गहाण ठेवून मिश्र उपचारच करावा, असे सांगणाऱ्यास त्याचे कारण विचारावे.

या सर्व औषधांच्या चाचण्या ज्यांवर झाल्या त्यांचे यकृत प्रायः चाइल्ड-प्यू 'ए' वर्गात होते. हे वाक्य वाचकांनी दोनदा वाचावे.

आमची चूक

तिसऱ्या वेळी भाईजानांच्या स्कॅनमध्ये दोन नव्या गाठी दिसल्या. बिलिरुबिन वाढले होते, गुण ५ वरून ७ झाले होते. डॉक्टर म्हणाले, "मास्तर, गाठीचा रस्ता अजून बंद करता येईल, पण यकृत ते सोसेल असे मला वाटत नाही. आता टेस थांबवू. लगेच गोळ्या सुरू करू."

घरात खलबत झाले. दोन टेसने एवढा गुण आला, मग तिसरीने का नाही? गोळी म्हणजे माघार, असे सर्वांस वाटले. घरातील शिकलेला माणूस म्हणून सारे आमच्या तोंडाकडे पाहत होते. आम्ही म्हणालो, "दुसरीकडे दाखवू." दुसरीकडे दाखविले, आग्रह धरला, आणि तिसरी टेस करवून घेतली. तीन आठवड्यांत पोटात पाणी झाले, डोळे पिवळे झाले. गुण ११ वर गेले. मग गोळ्यांविषयी विचारले, तेव्हा उत्तर मिळाले की आता त्या देता येणार नाहीत. भाईजान त्यानंतर चार महिने जगले.

गोळ्यांनी ते किती जगले असते हे कोणी सांगू शकत नाही. पण तो दरवाजा रोगाने लावला नव्हता, आम्ही लावला. भाईजान स्वतः गिऱ्हाइकास सांगत, "साहेब, साफ करून देतो, पण आतली कमान कमजोर आहे, पुन्हा उघडू नका." आम्ही ते शंभरदा ऐकले होते.

भाभी एवढेच म्हणाल्या, "तुम्ही भल्यासाठीच केलंत." त्या शब्दांनी आमची सुटका झाली नाही. टेस वाईट नव्हती. पहिल्या दोन वेळा तिनेच भाईजानांना दुकानात बसविले. आमची चूक एवढीच, की आम्ही 'सर्वांत जोरदार उपचार कोणता' हे पाहत राहिलो आणि 'आता यकृतात किती उरले आहे' हे विचारले नाही. मध्यम अवस्थेत उपचारांची निवड एकदा करून भागत नाही. ती प्रत्येक स्कॅननंतर नव्याने करावयाची असते.

डॉक्टरांस काय विचारावे?

हा भाग कापून फायलीत ठेवला तरी चालेल.

(१) यकृताचे आजचे गुण किती, आणि मागच्या वेळी किती होते?

(२) रोग रक्तवाहिनीत शिरला आहे काय?

(३) स्कॅन एकाच डॉक्टरांनी पाहिला, की यकृततज्ज्ञ, शल्यचिकित्सक, कर्करोगतज्ज्ञ व नळीने उपचार करणारे रेडिओलॉजिस्ट यांनी मिळून?

(४) आज ना उद्या प्रत्यारोपणास पात्र होण्याची काही शक्यता आहे काय?

(५) हा उपचार कशासाठी आहे : रोग काढण्यासाठी, मापात आणण्यासाठी, की रोखून धरण्यासाठी?

(६) तो लागू पडला नाही, हे कधी व कशावरून ठरवावयाचे, आणि मग पुढे काय?

(७) या उपचाराने पुढच्या उपचाराची वाट बंद तर होणार नाही?

(८) विषाणूवरील औषध सुरू आहे काय? हेपटायटिस बी असेल तर ते चुकविता कामा नये, कारण उपचाराच्या काळात विषाणू उसळी घेऊ शकतो.

(९) शासनाच्या योजनेत यांतील काय बसते? आयुष्मान भारत योजना २०१८ पासून पात्र कुटुंबास वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण देते, आणि कर्नाटकात ती 'आरोग्य कर्नाटक'शी जोडलेली आहे. कोणता उपचार तीत येतो हे रुग्णालयाच्या योजनाकक्षात आधीच विचारून घ्यावे.

घरी पाळावयाच्या दोन गोष्टी येथेच सांगतो. अंगदुखीच्या गोळ्या मनाने देऊ नयेत, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी मूत्रपिंडास इजा होऊन रोगी घसरतो. तसेच काविळीवरचा झाडपाला किंवा 'निरुपद्रवी' काढा देऊ नये. गुळवेलीच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याची उदाहरणे मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली आहेत. रोग्याला उपाशी ठेवणेही बरे नव्हे. डाळ, दूध, अंडे डॉक्टरांनी मना केले नसेल तर अवश्य द्यावे, आणि निजण्यापूर्वी थोडे खाऊ घालावे.

आणि जेव्हा सर्वच उपचार थांबतात, तेव्हाही वेदना, पोटातील पाणी, खाज, झोप यांवर करण्यासारखे पुष्कळ असते. वेदनाशामक सेवेची मागणी करणे म्हणजे माणसास सोडून देणे नव्हे. भाईजानांचे अखेरचे दिवस त्या सेवेमुळेच शांततेत गेले.

उरलेल्यांसाठी

भाईजानांच्या निदानानंतर डॉक्टरांनी घरातील सर्वांचे रक्त तपासण्यास सांगितले. आम्ही टाळाटाळ केली, लोक काय म्हणतील याची भीती होती. शेवटी तपासले, आणि धाकट्या पुतण्याच्या रक्तात तोच विषाणू निघाला. त्याचे वय तेव्हा एकतीस. आज तो वेळेवर औषध घेतो व दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करवितो. गाठ आली तरी ती लहान असतानाच सापडावी, यासाठी ही सोनोग्राफी असते. लहान गाठीस बरे करणारे उपाय आहेत, मध्यम अवस्थेस प्रायः रोखणारे आहेत.

हेपटायटिस बी ची लस आता देशभर बालकांस मोफत मिळते, आणि पहिली मात्रा जन्मापासून २४ तासांच्या आत द्यावयाची असते. हेपटायटिस सी तर काही महिन्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो. दोहोंची तपासणी व औषधे २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली सरकारी केंद्रांत विनामूल्य मिळतात. आपला निधी दरवर्षी वह्या-पुस्तके वाटतो, शिष्यवृत्त्या देतो. या महोत्सवी वर्षात सभासदांच्या कुटुंबांसाठी या दोन विषाणूंच्या रक्ततपासणीचे एक शिबिर भरवावे, अशी आमची विश्वस्तांस विनंती आहे. मोठ्या उपचारांसाठी येणाऱ्या अर्जांस आपण एकेकास जेवढी रक्कम देतो, तेवढ्यात पुष्कळ घरांची तपासणी होईल.

पुतणा दुकान चालवितो. त्याच्या मुलीस जन्माच्या दिवशीच लस टोचली. त्या दिवशी आम्ही रुग्णालयात होतो, आणि परिचारिकेने कागदावर तारीख व वेळ लिहीपर्यंत जागचे हललो नाही.